एकाच पहाटेची दोन पुणी

‘आकाश निरभ्र, हवामान कोरडे, किमान तापमानात दोन ते तीन अंशांनी घट होण्याची शक्यता.’ फेब्रुवारीच्या उत्तरार्धात अशा धर्तीची बातमी पेपरात आली, की हडपसरच्या माझ्या धाकट्या बहिणीचा फोन ठरलेला. ‘ताई, आमच्याकडे रात्री पंखा लागतो गं. कुठला गारठा म्हणतायत?’ मी पाषाणला राहते. तेव्हा माझ्या अंगात स्वेटर असतो आणि गॅलरीतल्या कुंड्यांच्या पानांवर दव असतं. बहिणीचं खरं, माझंही खरं आणि पेपरचंही खरं. शाळेत भूगोल शिकवताना मुलांपुढे नकाशा धरून जे सांगत असे, तेच आज थोडं सविस्तर सांगते.

‘पुण्याचं तापमान’ म्हणून जो आकडा छापून येतो, तो बहुतेक वेळा शिवाजीनगरच्या वेधशाळेचा असतो. जुने पुणेकर तिथल्या हवामान खात्याच्या इमारतीला आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, कारण १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. तापमापक असतो झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर. त्याला ऊन लागत नाही, पण वारा मिळतो. सकाळी साडेआठला नोंद घेतात, म्हणजे रात्रभरातला नीचांक कळतो. तो बहुधा सूर्योदयाच्या सुमाराचा असतो. याच शहरात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता.

आता हडपसर आणि पाषाण. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडते. ढग असले तर ते पांघरुणासारखे ती अडवतात. आकाश स्वच्छ, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला, की ती थेट निसटते. गार झालेली हवा जड होते आणि टेकड्यांच्या उतारावरून सखल भागात साचते. पाषाण, एनडीएचा परिसर आणि नदीकाठ म्हणून जास्त गारठतात. शिवाजीनगरलाही शेजारी कृषी महाविद्यालयाची मोकळी शेतं आहेत, म्हणून तिथली रात्रही गार. उलट हडपसर-मगरपट्टा, लोहगावकडे काँक्रीट आणि डांबर दिवसाची ऊब रात्री उशिरापर्यंत धरून ठेवतात. एकाच पहाटे शहराच्या दोन टोकांत चार-पाच अंशांचा फरक पडतो, तो असा.

पण थंडी मुळात येते कुठून? भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात इराण-अफगाणिस्तानमार्गे हिमालयात पोचतात, तिथे बर्फ पाडतात आणि पुढे सरकतात. ते गेले की उत्तरेचे कोरडे, गार वारे मध्य भारत ओलांडून महाराष्ट्रात उतरतात. म्हणून काश्मीर-हिमाचलात बर्फवृष्टीची बातमी आली, की पुढचे दोन-तीन दिवस मी इथल्या पाऱ्यावर लक्ष ठेवते. उलट वारे पूर्वेचे झाले आणि बंगालच्या उपसागराकडची ओल आली, तर ढग जमतात आणि पहाटेचा गारवा एका रात्रीत ओसरतो. आठवड्याचा अंदाज वाचताना अंशांच्या आधी वाऱ्याची दिशा आणि आकाश पाहावं, असं माझं ठाम मत आहे.

‘थंडीची लाट’ हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि शिवाय सरासरीहून निदान साडेचार अंशांनी कमी असेल, तर हवामान खातं लाट म्हणतं. फेब्रुवारीत पुण्याची किमान सरासरी साधारण १२ अंश, म्हणजे पारा साडेसातच्या आसपास यायला हवा. दहा अंशांचा दिवस हा नुसता गारठ्याचा दिवस. दुपारी त्याच दिवशी तिशी ओलांडलेली असते आणि सर्दी-खोकल्याच्या दिवसांत लहान मुलांना आणि वृद्धांना ही वीस अंशांची उडी जास्त सोसावी लागते.

या गार रात्रींचा अभ्यास पुण्यातच उभा राहिला, याचा मला फार अभिमान आहे. १९३२ मध्ये इथे कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला. प्रमुख होते सी. व्ही. रामन यांचे शिष्य एल. ए. रामदास. त्यांनी आणि सहकारी आत्मनाथन यांनी त्याच वर्षी एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केलं. शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत गार हवा मातीला चिकटून नसते, तर तिच्यापासून वीतभर-हातभर वर असते. जमीनच सर्वांत आधी निवते, तर तिथलीच हवा सर्वांत गार असायला हवी, म्हणून अनेकांना हे पटेना. पुढे कित्येक दशकांनी बंगळूरचे शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हवा स्वतःही उष्णता बाहेर टाकते हे धरून त्याची उकल मांडली. ‘रामदास थर’ हे नाव आज जगभर चालतं, आणि आमच्या शाळांच्या पुस्तकांत मात्र मला ते कधी दिसलं नाही.

जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षबागायतदारांच्या असा गारठ्याचा आठवडा अंगावर येतो. पारा फार उतरला तर मणी तडकतात, म्हणून पहाटे ठिबकने पाणी देतात, बागेत शेकोट्यांचा धूर करतात. त्याच गारव्यावर गव्हाचा दाणा चांगला भरतो; पिकाला अवेळी उन्हाळा सोसत नाही. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणणारा शेतकरी तोवर रोज आकाश बघत असतो.

शहरातल्या शाळांना माझी विनंती आहे. आवारात सावलीला, हवेशीर जागी एक तापमापक लावा आणि मुलांकडून रोज सकाळी साडेआठला आकडा, आकाश आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहून घ्या. पाषाण, कोथरूड, हडपसर, विश्रांतवाडीच्या वह्या शेजारी ठेवल्या, की आपल्या गावाचं हवामान मुलांना कुणी वेगळं शिकवावं लागणार नाही.