शिकवणीची ताई

मैत्रिणींनो, शिकवणीचा प्रश्न तुमच्याही घरी असेलच. माझी लेक नववीत. पहिल्या चाचणीत गणितात वीसपैकी सहा! मी बी. ए., अर्धवेळ शिक्षिका, पण मराठीची. बीजगणिताचं पुस्तक उघडलं की माझ्याच पोटात गोळा येतो.

आम्ही स्वारगेटला राहतो. इथं क्लासेसना तोटा नाही. पण भरलेल्या वर्गात आमची अबोल मुलगी शंका विचारेल, तर शपथ! अखेर ओळखीतून इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी मिळाली. सोलापूरची, वसतिगृहात राहणारी, शिकवण्या करून मेसचे पैसे उभे करणारी. "काकू, गणित, भौतिकशास्त्र शिकवीन, आणि चारचौघांत बोलायलाही," ती म्हणाली. मला हसू आलं. म्हटलं, गणिताला बोलणं कशाला?

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या गावात राहून मी हे विचारावं!

ताईची रीत साधी. गणित सुटलं की वही मिटायची, उभं राहायचं आणि ते आम्हाला समजावून सांगायचं. लेक अडखळली की मी पटकन शब्द पुरवी. तिसऱ्या दिवशी ताई हळूच म्हणाली, "काकू, तिला थोडा वेळ द्या ना."

खरं सांगते, मला लागलं. पण रात्री आठवत गेले. पाहुण्यांनी हिला नाव विचारलं तरी उत्तर मीच द्यायची. मग ती बोलणार कधी?

एक तास स्वयंपाकघरातच झाला. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो; पाणी शंभरऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. लेकीने हे आजीला न अडखळता सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, इतकी वर्षं मी नुसत्या शिट्ट्याच मोजल्या!"

तुम्हीही अशी शिकवणी लावणार असाल, तर एवढं पाहा. आधी आठवडाभर शिकवू द्या, मग ठरवा. शिकवणी घरातल्या माणसांच्या नजरेसमोर, बैठकीच्या खोलीत असावी. मात्र मध्ये बोलू नका. तिच्या परीक्षेच्या तारखा आधीच विचारून ठेवा, म्हणजे ऐन वेळी खाडे होणार नाहीत. आणि पैसे ठरल्या तारखेला, न मागता द्या. आपल्याला ती किरकोळ रक्कम वाटते. तिचं महिन्याचं जेवण त्यावर असतं.

दुसऱ्या चाचणीत बारा गुण मिळाले. फार नाहीत, पण दुप्पट!

परवा ताई गावी निघाली. आम्ही तिला एस. टी. स्टँडवर सोडायला गेलो. चौकशीच्या खिडकीशी मी तोंड उघडणार, तोच लेक पुढे झाली. "काका, सोलापूरची गाडी कुठे लागते?"

मी गप्प उभी राहिले.