रिव्हर्समध्ये येणारा पूल

भिवंडीजवळच्या कशेळीत ड्रायव्हरची खरी परीक्षा गोदामाच्या गेटात होते. बाळकुमकडून खाडीपूल ओलांडला की काल्हेर, पूर्णा, थेट अंजूरफाट्यापर्यंत गोदामंच गोदामं. गल्ली अरुंद, दोन्ही अंगांना गाड्या उभ्या, आणि कंटेनर उलटा आत घ्यायचा. क्लीनर मागे उभा राहून 'येऊ दे, येऊ दे' ओरडत असतो. लष्करात पूल वाहणारी गाडी चालवून पेन्शनीवर आलेल्या माणसाला या गल्लीचं नवल वाटत नाही. त्याच्याही नोकरीतला अवघड भाग रिव्हर्समध्येच गेलेला असतो. फक्त तिथे मागे फलाटाऐवजी नदी असते.

पुलाचं श्रेय बांधणाऱ्याला मिळतं, आणि ते योग्यही आहे. पण लष्करी पुलाचं माप नदीच्या आधी ट्रकने ठरवलं. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या इंग्रज अभियंत्याने आपला पूल आखला तो अशा अटीवर, की त्याचा प्रत्येक भाग तीन टनी लॉरीत मावला पाहिजे आणि सहा जणांना उचलता आला पाहिजे. म्हणून बेलीचं पॅनल दहा फूट लांब, पाच फूट उंच आणि साधारण 260 किलो वजनाचं. पॅनलला पॅनल पिनांनी जोडत जायचं आणि सगळा सांगाडा रोलरवरून पलीकडे ढकलायचा. यात ताफ्याचा क्रम सांभाळावा लागतो. आधी लागणारं सामान ज्या गाडीत, ती गाडी आधी पोचली पाहिजे. फळ्यांचा ट्रक पुढे आणि पॅनलचा मागे अडकला, तर काठावर नुसती गर्दी होते.

ताफा रात्री निघतो, तोही शक्यतो दिवे मालवून. लष्करी ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलवर पांढरा रंग असतो आणि त्यावर एक मिणमिणता दिवा. मागच्या ड्रायव्हरने तेवढा ठिपका धरून चालायचं. देवळालीच्या ताफ्यामागे नाशिक रस्त्यावर अडकलेल्यांनी तो पांढरा गोळा पाहिला असेल. पुढच्या बाजूला पिवळी चकती आणि तिच्यावर काळा आकडा, तो गाडीचा भारवर्ग. लष्करी पुलाच्या तोंडाशीही असाच पिवळा फलक असतो. गाडीचा आकडा पुलाच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर थांबायचं. हा नियम आपल्याकडच्या मालट्रकांना लावला, तर भिवंडीचा निम्मा माल जागेवरच राहील!

ट्रकही बदलत गेले. आधी जबलपूरचा शक्तिमान, जर्मन 'मान' कंपनीच्या परवान्यावर 1959 पासून बनलेला. पुढे तरंगत्या पुलासाठी सोव्हिएत क्राझ आले. घडी घातलेला पोंटून, म्हणजे तरंगत्या पुलाचा एक तुकडा, पाठीवर घेऊन गाडी उलटी पाण्यापर्यंत न्यायची आणि करकचून ब्रेक मारायचा. पोंटून घसरून पाण्यात पडतो आणि आपोआप उलगडतो. ब्रेक उशिरा लागला तर पोंटूनमागे गाडीही पाण्यात जायची.

1986 पासून बीईएमएल या सरकारी कंपनीमार्फत चेक बनावटीच्या टाट्रा मिळू लागल्या. मधोमध जाड नळीचा कणा, प्रत्येक चाक आपापलं खालीवर होणारं, म्हणून खाचखळग्यांत हा ट्रक दणकट. मात्र स्टिअरिंग डावीकडे, आणि रस्ते आपले. 2012 मध्ये टाट्राच्या खरेदीवरून वाद पेटला, तेव्हा या डाव्या स्टिअरिंगचीही चर्चा झाली.

याच टाट्रावर पुण्यात दिघीच्या संरक्षण प्रयोगशाळेने 'सर्वत्र' पूल बसवला. प्रत्येक ट्रकच्या पाठीवर 15 मीटरचा दुमडलेला गाळा असतो. पहिला ट्रक उलटा काठावर येतो, गाळा पुढे उलगडतो, पाय खाली टेकवतो आणि निघून जातो. दुसरा ट्रक त्याच गाळ्यावरून उलटाच पुढे जाऊन आपला गाळा जोडतो. असे पाच गाळे जोडले की 75 मीटर. म्हणजे पाचव्या ड्रायव्हरला 60 मीटर अधांतरी रिव्हर्स घ्यायचा असतो, तोही मागे उभ्या सहकाऱ्याच्या हातवाऱ्यांवर विसंबून.

सामान्य माणसाला हे पूल दिसतात ते संकटात. 29 सप्टेंबर 2017 च्या, मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. त्यानंतर लष्कराने तिथे, करी रोडला आणि कशेळीपासून फार लांब नसलेल्या आंबिवलीला पादचारी पूल उभारले. 27 फेब्रुवारी 2018 ला ते खुले झाले. 2024 मध्ये भूस्खलनानंतर केरळात वायनाडच्या चूरलमलात 190 फुटी बेली पूल उभा राहिला, तेव्हा तो उभारणाऱ्या पथकातल्या, पारनेर तालुक्यातल्या मेजर सीता शेळके यांचं नाव घरोघरी पोचलं. ते कौतुक रास्तच होतं. पण दिल्लीहून विमानाने कन्नूरला उतरलेलं सामान घाटरस्त्याने वर नेणारे ड्रायव्हर कोण, हे कुणी विचारलं नाही.

आता दिघीच्याच आराखड्यावर लार्सन अँड टुब्रो 46 मीटरचा, मध्ये खांब नसलेला पूल बनवते आहे. फेब्रुवारी 2023 चा करार 2,585 कोटींहून अधिक रकमेचा, संच 41. एका संचात सामान वाहणारे आठ चाकी जागेचे सात ट्रक आणि पूल टाकणारे दहा चाकी जागेचे दोन, सगळी चाकं इंजिनाने फिरणारी. गुणाकार केला तर 369 स्टिअरिंग होतात.