शाळेत सुई, पण घरी विचारून!

मुलांनो, घरी आजी-आजोबा असतील तर त्यांचा दंड एकदा नीट बघा. रुपयाएवढा गोल, खोलगट वण दिसेल. "हे काय?" म्हणून विचारा. उत्तर येईल, "आमच्या देवी काढल्या होत्या ना!"

देवीच्या रोगानं माणसं मरत, वाचली तर कधी आंधळी होत. त्यावरची लस टोचणं म्हणजे 'देवी काढणं'. टोचणारा गावात आला की पोरं कणगीआड दडायची. कुणाला विचारणं वगैरे नाही, धरलं की टोचलं! मुंबई शहरात तर १८७७ पासून तान्ह्या मुलांसाठी कायद्यानंच सक्ती होती. त्या लशीनं देवीचा रोग मात्र हटला. १९७५ नंतर भारतात त्याचा रुग्ण दिसलेला नाही.

आता अलीकडचं. २७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांच्या बाळापासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना एक टोचा, आणि तोही बहुतेकांना शाळेतच. तुमच्या दादा-ताईला आठवत असेल. उजव्या दंडावर सुई, डाव्या अंगठ्याला शाई, मग अर्धा तास वर्गात बसून राहायचं. सिरिंज अशी, की एकदा वापरली की आपोआप अडकते, दुसऱ्याला टोचताच येत नाही. पातळ केलेली लस चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची.

"पोट्ट्याले काहून टोचता पुन्हा? त्याले त लहानपनीच देली होती!" वऱ्हाडातल्या आईनं असं म्हटलं तर ते चुकीचं नाही. प्रश्न रास्तच आहे. उत्तर असं : नवव्या महिन्यात दिलेल्या एका डोसानं शंभरातल्या साधारण ८५ मुलांनाच संरक्षण मिळतं. उरलेली पंधरा कोणती, हे कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून सगळ्यांनाच पुन्हा.

भीतीचंही सांगायला हवं. रांगेत एकाला घेरी आली की मागच्या चौघांना येते. ती बहुधा सुईच्या धास्तीनं येते. खरी ॲलर्जी फार क्वचित होते, पण होते, आणि झाली तर बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच. वर्गात बसवून ठेवतात ते त्यासाठी.

आईबाबांना विचारायचं की नाही? दिल्लीत हा प्रश्न कोर्टात गेला. जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं पालकांच्या संमतीशिवाय शाळेत ही लस देण्याला अटकाव केला. पुढं २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं कोविडच्या लशीबद्दल निकाल दिला : कुणावरही लशीची जबरदस्ती करता येणार नाही. मात्र मुलांना लस देण्याचं सरकारी धोरण कोर्टानं योग्यच ठरवलं. निकाल देणाऱ्या दोघा न्यायमूर्तींपैकी एक आपल्या अमरावतीचे, भूषण गवई.

म्हणजे 'नाही' म्हणायचा हक्क आहे. पण गोवर कोर्टात जात नाही! लस न घेतलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. त्याला रोखायचं तर शंभरात ९५ जणांना संरक्षण लागतं. नऊ महिन्यांच्या आतलं बाळ, कॅन्सरवर उपचार चाललेलं पोरगं, यांना ही लस एरवी देत नाहीत. ती इतरांच्या भरवशावर असतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे, भिवंडीत, मालेगावात गोवर पसरला, लेकरं दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली पुष्कळ होती.

मला विचाराल तर मुलांनी टोचून घ्यावं. पण आदल्या संध्याकाळी दप्तरात कोंबलेली चिठ्ठी म्हणजे विचारणं नव्हे. आई निंदणाहून थकून आलेली, बाबा कापूस घेऊन बाजारात, आणि सकाळी सही हवी! चिठ्ठी आठवडाभर आधी यावी, नर्सताईनं पालकसभेत बसून शंकांना उत्तरं द्यावीत. पालकांनीही लपवू नये : आधीच्या लशीनं त्रास झाला होता का, ताप आहे का, कुठलं औषध चालू आहे.

शाळेत डॉक्टर येतात ते काही नुसते टोचायला नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं आणि डोळे, दात, कान, हृदय तपासतं. हृदयाला छिद्र सापडलं तर शस्त्रक्रिया मोफत होते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते, तीही पुष्कळदा शाळेतच देतात.

अवघड जागा आहे ती मेळघाटात. धारणी-चिखलदऱ्याकडची कितीतरी कोरकू मुलं आश्रमशाळेत राहतात, आणि आईबाप कामासाठी दूर गेलेले. त्यांच्यापर्यंत चिठ्ठी न्यायची कुणी, आणि वाचून दाखवायची कोणत्या भाषेत? कोरकूंचा मोठा सण होळी. बाहेरगावी गेलेली माणसं त्याला घरी परततात. सह्या घ्यायच्या तर ते दिवस बरे.