मेकाँगचा महामत्स्य

आपल्याकडील शिंगाडा, मागूर या मिशाळ माशांचा एक अवाढव्य भाऊबंद आग्नेय आशियातील मेकाँग नदीत राहतो. थायलंडमध्ये त्याला 'प्ला बुक' म्हणतात. २००५ साली उत्तर थायलंडमध्ये सापडलेल्या एका माशाची लांबी २.७ मीटर, तर वजन २९३ किलो भरले! एवढा प्रचंड देह. पण प्रौढपणी त्याला दात नसतात आणि तो मुख्यतः शेवाळावर जगतो. असा हा निरुपद्रवी जीव २००३ पासून अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे.

असे का व्हावे? पहिला दोष अर्थातच बेसुमार मासेमारीचा. हा मासा वयात यायला बरीच वर्षे लागतात. त्याआधीच तो जाळ्यात सापडला, तर पुढची पिढी जन्मणार कशी?

परंतु नुसती जाळी आवरून भागणार नाही. या माशाला नदीचा एखादा डोह पुरत नाही, जवळजवळ सारी नदी लागते. पावसाळ्यात मेकाँगला पूर आला की कंबोडियातील तोन्ले साप नदी उलटी वाहू लागते, त्याच नावाचे सरोवर कित्येक पटींनी पसरते आणि बुडालेल्या रानात माशांना मुबलक अन्न मिळते. पाणी ओसरू लागताच मोठे मासे मुख्य नदीत उतरतात व अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध दूरवर जातात. पिले प्रवाहाबरोबर खाली वाहत येतात.

धरणाची भिंत नेमकी ही वाट अडवते. शिवाय पुराची वेळ आणि उंचीही बदलते. चीनने १९९० च्या दशकापासून नदीच्या वरच्या अंगाला धरणे बांधली. लाओसमधील सायाबुरी धरण २०१९ मध्ये सुरू झाले. फराक्का बंधाऱ्यामुळे १९७५ नंतर गंगेच्या वरच्या भागातील हिलसा माशाची जी गत झाली, तीच येथे होण्याची भीती आहे.

थायलंडने १९८३ मध्ये या माशाची कृत्रिम पैदास साधली. तलावात सोडलेली पिले वाढतात. पण त्याने नदीतील ये-जा परत येत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये कंबोडियात काही दिवसांतच असे सहा मासे सापडले व खुणेची पट्टी लावून सोडण्यात आले. म्हणजे मासा अजून आहे. मेकाँग मात्र सहा देशांतून वाहते आणि १९९५ मध्ये स्थापन झालेल्या मेकाँग नदी आयोगाचे सदस्य त्यांतले चारच. चीन व म्यानमार बाहेर आहेत. माशाचे भवितव्य या सहा देशांच्या एकमतावर अवलंबून आहे.