जास्त एचपी म्हणजे जास्त ओढ? ट्रॅक्टर, ट्रॉली आणि गिअरचं गणित



गुणोत्तर शिकवताना एका मुलाने विचारलं, "बाई, आमची पिकअप सत्तर एचपीची आणि चुलत्याचा ट्रॅक्टर पन्नासचा. मग भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरच का ओढतो?" मी घाईत म्हणाले, "ज्याचा एचपी जास्त, त्याची ताकद जास्त." दुसऱ्या दिवशी तो घरून उत्तर घेऊनच आला. "बाबा म्हणतात, बाईंना विचार, मग पिकअपलाच ट्रॉली लावू का?" सगळा वर्ग हसला, मीही हसले. पण उत्तर चुकलंच होतं. त्याच्या घरी तेव्हा ट्रॅक्टर घ्यायची बोलणी चालली होती. म्हणजे माझ्या चुकीच्या उत्तरावर कुणी कर्ज काढलं असतं! म्हणून हा विषय नीट समजून घेतला, तो तुमच्यासाठीही मांडते.

एचपी म्हणजे नेमकं काय?

७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचललं, की झाला एक एचपी. यात दोन गोष्टी आहेत: जोर आणि वेग. एचपी हा या दोघांचा गुणाकार आहे. गुणाकार तोच ठेवून वेग कमी केला की जोर वाढतो आणि वेग वाढवला की जोर कमी होतो.

आपल्या राजूरच्या मुलांना हे सांगायला डांगी बैलासारखं उदाहरण नाही. डांगी जनावरांचं प्रदर्शन त्यांनी पाहिलेलं असतं. बैल घोड्यासारखा धावत नाही, पण चिखलात रुतलेली गाडी सावकाश का होईना बाहेर काढतो. ट्रॅक्टर बैलासारखा चालतो, पिकअप घोड्यासारखी. इंजिनाचा जोर बैलासारखा वापरायचा की घोड्यासारखा, हे गिअर ठरवतात.

आता आकडेमोड करू

समजा ट्रॅक्टर, ट्रॉली आणि माल मिळून वजन १० टन, म्हणजे १०,००० किलो आहे. रस्ता डांबरी आणि चढ असा, की १०० मीटर गेल्यावर ५ मीटर वर चढतो.

- चढासाठी लागणारा जोर: १०,००० चे ५ टक्के = ५०० किलो
- चाकं नुसती फिरवायला लागणारा जोर: वजनाच्या साधारण २ टक्के = २०० किलो
- एकूण = ७०० किलो

ट्रॅक्टर ५० एचपीचा असला, तरी गिअर आणि टायर थोडी ताकद खातात. रस्त्यावर ४० एचपी पोहोचते असं धरू. ४० × ७५ = ३०००. याला ७०० ने भागलं की सेकंदाला सव्वाचार मीटर, म्हणजे ताशी साधारण १५ किलोमीटर येतात. या चढावर हा ट्रॅक्टर याहून वेगाने जाऊच शकत नाही, चालक कितीही हुशार असो.

मग इंजिन आणि चाक यांचं नातं कसं हवं? इंजिन मिनिटाला २००० फेऱ्या घेतं असं धरू. मागच्या मोठ्या चाकाचा घेर साधारण ४ मीटर. ताशी १५ च्या वेगाला चाक मिनिटाला ६२ फेऱ्या घेतं. २००० भागिले ६२, म्हणजे जवळपास ३२. इंजिनाच्या ३२ फेऱ्या तेव्हा चाकाची एक फेरी. याउलट पिकअपच्या टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या तीन-चार फेऱ्यांत चाक एकदा फिरतं. म्हणून ती पळते, आणि म्हणूनच चढावर त्या गिअरमध्ये धापा टाकते.

ही ३२ पट येते कुठून?

एकाच जागी नाही, तीन जागी. समजा गिअरबॉक्समध्ये २ पट. पुढे मागच्या एक्सलमधल्या क्राऊन-पिनियनमध्ये ४ पट (पिनियनला ९ दात, क्राऊनला ३६). शेवटी चाकाजवळच्या गिअरमध्ये पुन्हा ४ पट. २ × ४ × ४ = ३२. चालकाच्या हातातला दांडा फक्त पहिला आकडा बदलतो. एक्सलमधले दोन आकडे कारखान्यातून ठरून येतात, म्हणून ते घेतानाच बघायचे.

अमेरिकेत लोक पिकअपमागे चाकांचं घर लावून फिरायला जातात. तिथे गाडी घेतानाच मागच्या एक्सलचं गुणोत्तर निवडता येतं, ३.५५ हवं की ४.१०. मोठा आकडा ओढीसाठी चांगला, लहान आकडा डिझेल-पेट्रोलच्या बचतीसाठी. आपला ट्रॅक्टरवाला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो, "गाडी रस्त्याला चालवायची की रानात?"

घेताना काय बघावं?

१. माहितीपत्रकात प्रत्येक गिअरचा वेग दिलेला असतो. नुसता एचपी न बघता तो तक्ता वाचा. आपला माल, आपला चढ धरून वरचं गणित करा. उत्तर १५ आलं, तर १५ च्या जरा खाली एखादा गिअर हवा. ९ नंतर एकदम २० असेल, तर चढभर ९ नेच रांगावं लागेल.

२. टायर मोठे बसवले तर ओढ वाढत नाही, कमी होते. चाक दहा टक्के मोठं, तर जोर जवळपास दहा टक्के कमी. एक्सलचं गुणोत्तर बदलल्यासारखंच होतं ते.

३. जोर आहे पण चाक जागेवर फिरतंय, तर उपयोग काय? मागच्या चाकांवर पुरेसं वजन हवं. पिकअपला पहिल्या गिअरमध्ये जोर मिळतो, पण मागून ती हलकी. चढावर चाक घसरतं आणि क्लच जळतो. ट्रॅक्टरच्या टायरात पाणी भरतात ते याचसाठी. आणि ट्रॉली खालच्या हूकलाच जोडा. वर जोडली तर चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं.

चढापेक्षा उतार महत्त्वाचा

वरचंच गणित उलटं करा. उतारावर तेच ५०० किलो मागून ढकलतात. रस्त्याचा अडथळा २०० वजा केला, तरी ३०० किलोचा रेटा पूर्ण उतारभर राहतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. ते तापले की पकड सुटते.

राजूरहून अकोल्याकडे उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे चालक आपण पाहिलेत. न्यूट्रल केलं की ३२ पटीचं नातं तुटतं, इंजिन ट्रॉलीला धरून ठेवू शकत नाही. म्हणून जुने चालक सांगतात ते सोळा आणे खरं आहे: ज्या गिअरने चढायचं, त्याच गिअरने उतरायचं, आणि गिअर उताराच्या आधीच टाकायचा. आणखी एक, ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. रस्त्यावर दोन्ही पेडल पट्टीने जोडलेलेच हवेत. नाहीतर एकच चाक थांबतं आणि ट्रॅक्टर गर्रकन वळतो.

वर्गात घ्यायची कृती

सायकल उलटी ठेवा. पुढच्या आणि मागच्या चक्राचे दात मुलांकडून मोजून घ्या. पुढे ४४, मागे २२ असतील तर पेडलच्या एका फेरीत चाक किती फिरेल? आधी अंदाज, मग खडूची खूण करून पडताळा. गिअरची सायकल मिळाली तर दोन्ही टोकांचे गिअर लावून मुलांना शाळेजवळचा चढ चढू द्या. गुणोत्तर पायांना कळलं की वहीत आपोआप येतं.

त्या मुलाला मी वर्गासमोर सांगितलं, "माझं उत्तर चुकलं होतं, तुझे बाबा बरोबर होते." त्याने हे गणित वहीतून घरी नेलं. पालकहो, तुमच्याही घरी ही वही आली तर पाच मिनिटं काढा. आणि भरलेल्या ट्रॉलीमागे ऊस ओढायला धावणाऱ्या मुलांना तो ३०० किलोचा रेटा जरूर समजावून सांगा.