नाक्सोसच्या बेटावर चार विदूषक

"थांबा!" दिग्दर्शिका अंधारातून ओरडते आणि वाद्यं थबकतात. रंगमंचावर चार विदूषक होते तिथेच उभे राहतात. एकाचा पाय अजून हवेतच आहे. त्यांच्या मागे खडकाला टेकून आरिआड्ने पडली आहे. तिचं तोंड आमच्याकडे नाही.

"तुम्ही प्रेक्षकांसाठी नाचताय," दिग्दर्शिका रंगमंचाच्या कडेशी येते. "त्यांना विसरा. तुम्हाला हिला हसवायचंय. हिचं रडणं तुमच्याने बघवत नाही, म्हणून नाचताय तुम्ही."

जर्मनीतल्या एका शहराच्या नाट्यगृहात रिखार्ड श्ट्राउसच्या 'आरिआड्ने आउफ नाक्सोस' या ऑपेराची रंगीत तालीम चालू आहे. प्रेक्षागृहात आम्ही मोजकी माणसं आहोत. ऑपेराचा पूर्वरंग नुकताच संपला आहे. त्यात व्हिएन्नातल्या एका धनिकाच्या घरी दोन मंडळ्या जमतात. एकीकडे एका तरुण संगीतकाराचा शोकात्म ऑपेरा, दुसरीकडे विनोदी नटी त्सेर्बिनेटा आणि तिचे विदूषक. आधी शोक, मग हसू, असं ठरलेलं असतं. तेवढ्यात कारभारी निरोप आणतो: नऊला आतषबाजी सुरू व्हायची आहे, तेव्हा दोन्ही खेळ एकाच वेळी करा! या कारभाऱ्याला गाणं नाहीच, तो नुसता बोलतो. सगळे गात असताना त्याचा तो कोरडा आवाज हुकमासारखा कानावर आदळतो.

हुगो फॉन हॉफमानस्टालने ही कथा लिहिली. १९१२ मध्ये श्टुटगार्टला माक्स राइनहार्टच्या दिग्दर्शनात पहिला प्रयोग झाला, तेव्हा हा ऑपेरा मोलिएरच्या नाटकाला जोडलेला होता. नटमंडळीही हवी आणि गायकमंडळीही, शिवाय प्रयोग फार लांबायचा. मग श्ट्राउस आणि हॉफमानस्टालने नाटक काढून टाकलं, पूर्वरंग लिहिला आणि १९१६ मध्ये, ऐन महायुद्धात, व्हिएन्नाला नवा प्रयोग उभा राहिला. तरुण संगीतकाराची भूमिका बाईने करायची असते. तेव्हा ती केली लोटे लेमानने. आपल्याकडे बालगंधर्व स्त्रीभूमिका गाजवत होते, तीच ही वर्षं.

तालीम पुन्हा सुरू होते. पावलं तीच, चालही तीच. पण आता चौघांची नजर खडकावरून हलत नाही. हार्लेकिन एक उडी मारतो आणि वळून बघतो: हसली का? नाही. मग दुसरा पुढे सरसावतो. माझ्या शेजारी बसलेल्या वेशभूषाकार बाई खळखळून हसतात, आणि त्याच क्षणी मला आरिआड्नेच्या पाठीकडे बघवत नाही. तिचा प्रियकर थीसिअस तिला या बेटावर टाकून गेला आहे. तिला फक्त मरण हवं आहे. चार भली माणसं जिवाचं रान करताहेत आणि तिच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. मघाशी हेच नाचणं तिच्या दुःखाची थट्टा वाटत होतं.

मी पुढे जाऊन पिटमध्ये डोकावते. 'एलेक्ट्रा'साठी शंभराहून अधिक वादक मागणारा श्ट्राउस इथे जेमतेम ३७ जणांत भागवतो. विदूषकांना पियानोची साथ आहे. आरिआड्नेच्या बाजूला हार्मोनियम आहे, आपल्या संगीत नाटकांच्या पायपेटीच्या कुळातला, पायाने भाता मारायचा. त्याचा लांबट सूर तिच्या गाण्याखाली पसरतो. वाद्यं थोडी असल्यामुळे शब्दन्‌शब्द ऐकू येतो आणि दोन्ही जगं एकमेकांना बुडवत नाहीत.

आता त्सेर्बिनेटा पुढे येते. दहा मिनिटांहून लांब गाणं. १९१२ मध्ये ते आणखी लांब आणि आणखी चढ्या सुरात होतं. राजकन्या आरिआड्नेला ती बाईने बाईला सांगावं तसं सांगते: मलाही सोडून गेले, मीही रडले, मग दुसरा आला आणि मन पुन्हा जडलं. आरिआड्ने एक शब्दही न बोलता गुहेत निघून जाते. गायिका थांबून विचारते, "ही गेल्यावर मी कुणासाठी गाऊ?"

"स्वतःसाठी," दिग्दर्शिका म्हणते. "तिला समजावायला आलीस, आणि तुझंच मन तुझ्यासमोर उघडं पडलं."

गायिका मान डोलावते. पुढच्या खेपेला ताना तितक्याच झगमगत्या निघतात, पण त्यांत आता नवल आहे. आपण प्रत्येक वेळी खरंच प्रेम केलं आणि प्रत्येक वेळी ते बदललं, हे ती जणू गाता गाता ओळखते. सर्वांत उंच सुरावर वादकही मान वर करून तिच्याकडे बघतात.

शेवटी बाखुस देव येतो. आरिआड्नेला वाटतं, आपला मृत्यू आला. ती त्याच्या हाती स्वतःला सोपवते आणि त्या सोपवण्यातूनच तिला नवं जगणं मिळतं. दोघांचं गाणं चढत असताना त्सेर्बिनेटा विंगेतून येते. संहितेतल्या सूचनेप्रमाणे पंख्याने त्यांच्याकडे निर्देश करत ती विजयाने सांगते: नवा देव आला की आपण हरतोच. गायिका आधी ते हळवेपणाने म्हणून बघते. दिग्दर्शिका नकार देते. त्सेर्बिनेटाची खोडी तशीच राहू दे, मात्र त्या दोघांच्या कानांपर्यंत ती जाता कामा नये.

एकीचं म्हणणं, प्रेम बदलतं. दुसरीचं, माझं बदलणार नाही. आणि तीच नव्या प्रेमात समूळ बदलून जाते. प्रयोगाने कुणा एकीची बाजू घेतली तर एक तर रडगाणं उरेल, नाही तर टवाळी. म्हणून आज सगळी मेहनत अंतर राखण्यावर चालली आहे: हसणाऱ्यांनी किती जवळ जायचं, रडणारीने कधी पाठ फिरवायची. हे अंतर जिथे साधतं, तिथे दोघीही खऱ्या वाटतात. प्रेक्षकाला दोघींची गरज आहे, कारण आपल्यावर दोन्ही वेळा येतात.