एपिसोड अपलोड करण्याआधी

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ कुणीही घरी बसून अथपासून इतिपर्यंत वाचावी, मोबाइलवर रेकॉर्ड करावी आणि यूट्यूबवर टाकावी. कायद्याची त्याला काही हरकत नाही. तोच उत्साह ‘मृत्युंजय’च्या बाबतीत दाखवला, तर मात्र वकिलाची नोटीस दारात येऊ शकते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, ‘मृत्युंजय’चे लेखक शिवाजी सावंत २००२ मध्ये, आणि सारा फरक या दोन सालांत आहे. भारतात साहित्यकृतीवरचा कॉपीराइट लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांची झाली, तर ‘मृत्युंजय’साठी २०६२ संपेपर्यंत परवानगी घ्यावीच लागेल. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूरांचं साहित्य १९९१ अखेर खुलं होण्याची वेळ आली, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवण्यात आली.

मराठीत सध्या अभिवाचनाच्या चॅनलना बरे दिवस आहेत. पुलं, वपु, कुणाची दिवाळी अंकातली कथा, असं बरंच काही ऐकायला मिळतं आणि खाली ठरलेलं वाक्य असतं: ‘सर्व श्रेय मूळ लेखकाचे’. श्रेय देणं हे सौजन्य झालं, परवानगी नव्हे. ‘आम्ही यातून एक रुपयाही कमवत नाही’ हा युक्तिवादही फारसा उपयोगी पडत नाही. पैसे मिळाले की नाही, यावर भरपाईचा आकडा बदलेल. परवानगीची गरज संपत नाही. अनुवाद असेल तर मूळ लेखकाचा हक्क वेगळा, अनुवादकाचा वेगळा.

गाण्याचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन हक्क एकावर एक बसलेले असतात आणि तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. ‘गीतरामायण’ १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. इतकं जुनं, म्हणजे आता मोकळं असेल असा अनेकांचा समज असतो. पण गदिमा १९७७ मध्ये गेले, तेव्हा शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यामुळे चाल २०६२ पर्यंत. एखाद्या पॉडकास्टरने जुनी रेकॉर्ड न वाजवता स्वतः पेटी घेऊन त्यातलं पद गायलं, तरी तो फक्त तिसऱ्या हक्कातून सुटतो. पहिले दोन तसेच उभे.

मग ‘दहा सेकंदांपर्यंत चालतं’ या नियमाचं काय? असा नियमच नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षा, टीका, चालू घडामोडींचं वृत्तांकन यांसाठी ‘रास्त वापरा’ची मुभा आहे, सेकंदांचा हिशोब त्यात कुठेही नाही. किती घेतलं, कशासाठी घेतलं, मूळ मालकाच्या धंद्यावर त्याचा काय परिणाम झाला, हे न्यायालय प्रत्येक प्रकरणात वेगळं तपासतं. इंडिया टीव्हीच्या एका गप्पांच्या कार्यक्रमात गायिकेने आपल्याच गाण्यांच्या काही ओळी म्हटल्या, त्यावरून खटला झाला होता. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने असा नगण्य वापर कायद्याने दखल घेण्याजोगा नाही, असं म्हणत वाहिनीच्या बाजूने कौल दिला. पाहुण्याला ‘जरा दोन ओळी गुणगुणून दाखवा’ म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाखतकाराने हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. मात्र तो मिळवायला वाहिनीकडे वकील होते, पैसा होता आणि थांबायला वेळ होता.

एकट्याने चॅनल चालवणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं, आणि त्याच्या बाबतीत न्यायालयापर्यंत गोष्ट जातही नाही. त्याआधी प्लॅटफॉर्मचा स्वतःचा नियम लागू होतो. यूट्यूबवर ९० दिवसांत कॉपीराइटचे तीन स्ट्राइक आले, की चॅनल बंद होऊ शकतं. मे २०२५ मध्ये यूट्यूबर मोहक मंगल याने एएनआय या वृत्तसंस्थेवर जाहीर आरोप केला: काही सेकंदांच्या क्लिपसाठी स्ट्राइक दिले आणि ते मागे घ्यायला परवान्यापोटी लाखो रुपये मागितले. एएनआयचं म्हणणं, आम्ही आमचा कायदेशीर हक्क बजावत आहोत. संस्थेने त्याच्यावर दिल्ली उच्च न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि त्याला व्हिडिओतले काही शब्द काढून टाकावे लागले. कोण बरोबर, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. डोक्यावर स्ट्राइकची टांगती तलवार असताना रास्त वापराचा मुद्दा लढवण्याची ताकद फार थोड्यांकडे असते. कायद्याने दिलेली मुभा इथे कागदावरच राहते, आणि हे बरं नाही.

कॉपीराइटची निदान चर्चा तरी होते. पॉडकास्टचा खरा धोका गप्पांत आहे. दोन तास मनमोकळं बोलायचं, पाहुण्याला खुलवायचं, आणि त्याने एखाद्या माजी सहकाऱ्याबद्दल, निर्मात्याबद्दल, डॉक्टरबद्दल काही सनसनाटी सांगितलं की तेच वाक्य थंबनेलवर लाल अक्षरांत टाकायचं! ‘मी नाही, पाहुणा म्हणाला’ एवढं म्हणून इथे सुटका होत नाही. बदनामीकारक मजकूर बोलणारा जसा जबाबदार, तसाच तो प्रसिद्ध करणाराही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रुनुकसानीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. शिवाय भरपाईचा दिवाणी दावा वेगळा. ‘खरं तेच सांगितलं’ हा बचाव फौजदारी खटल्यात एकटा पुरत नाही. ते सांगणं लोकहिताचं होतं, हेही दाखवावं लागतं. वृत्तपत्रात अशा वाक्यावर उपसंपादकाची लाल पेन्सिल फिरायची. पॉडकास्टमध्ये उपसंपादक, मुद्रक, प्रकाशक सगळं एकच माणूस, आणि तो रात्री दोनला झोपेच्या गुंगीत एडिट करत असतो. यूट्यूब किंवा स्पॉटिफायला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं कवच आहे, कारण ते मध्यस्थ. चॅनलचा मालक मध्यस्थ नाही, त्यामुळे ते कवच त्याला मिळत नाही.

गुन्हेकथा सांगणाऱ्यांनी आणखी एक रेषा ओळखायला हवी. बलात्कारपीडितेचं नाव, किंवा तिची ओळख पटेल असा गाव, नातं, शाळा यांचा तपशील उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. घटना गाजलेली असली, नाव सगळ्यांना ठाऊक असलं, तरीही.

जाहिरातींचे नियम त्यामानाने सरळ आहेत. पैसे, फुकट वस्तू किंवा सहलीच्या बदल्यात कौतुक केलं असेल, तर ते प्रेक्षकाला स्पष्ट दिसेल असं सांगायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्यांदा १० लाखांपर्यंत, पुढे ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. शेअरबाजारावर बोलणाऱ्यांवर सेबीची नजर असते. ‘बाप ऑफ चार्ट’ हे यूट्यूब चॅनल चालवणाऱ्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने अंतरिम आदेश काढून १७ कोटींहून अधिक रक्कम जमा करायला लावली. नोंदणी नसताना शिक्षणाच्या नावाखाली सल्ले दिल्याचा ठपका होता.

आवाजाचं काय? सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांना अंतरिम दिलासा देताना स्पष्ट केलं, की कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं वापरून परवानगीशिवाय त्यांचा आवाज तयार करणं हा त्यांच्या व्यक्तिमत्त्वहक्कांचा भंग आहे. प्रसिद्ध गायिकेच्या आवाजात स्वतःच्या शोचं शीर्षकगीत बनवणं आता गंमत राहिलेली नाही.

पोलिसांचा भाग उरतो, आणि तो सर्वांत बेभरवशाचा. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून आणि ते ‘लाइक’ केल्यावरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. त्यातून पेटलेल्या वादाची परिणती म्हणजे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. ते कलम गेलं, गुन्हे नोंदवणं थांबलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पॉडकास्टर रणवीर अलाहाबादिया याच्या एका असभ्य शेऱ्यावरून एकाहून अधिक राज्यांत गुन्हे दाखल झाले. सर्वोच्च न्यायालयाने अटकेपासून संरक्षण दिलं, पण पासपोर्ट जमा करायला लावला आणि शो थांबवायला सांगितलं. मार्चमध्ये सभ्यता पाळण्याच्या हमीवर शो पुन्हा सुरू झाला. शेरा हीन होता, यात वाद नाही. पण खटला उभा राहण्याआधीच माणसाचं काम आठवडे बंद राहतं, ही शिक्षा कुठल्या कलमात लिहिलेली आहे?

नव्याने माइक हाती घेणाऱ्यांना एक विनंती. परवानगी आणि पाहुण्याची संमती लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘हो, चालेल’ही काहीच नसण्यापेक्षा बरा. नोटीस आली तर रागाच्या भरात त्यावर व्हिडिओ करू नका, आधी वकिलाला दाखवा. आणि एडिट न केलेलं मूळ रेकॉर्डिंग निदान तीन वर्षं पुसू नका, कारण अब्रुनुकसानीच्या फौजदारी तक्रारीची मुदत तेवढी आहे.